आधी ‘सुटली’ म्हणा

*ताई, आम्ही सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहतो. ह्यांचं कृषी सेवा केंद्र आहे, खाली दुकान आणि वर घर. मुलगी पंधरा वर्षांची, यंदा दहावीला. मुलगा नऊ वर्षांचा. मे महिन्याच्या उन्हात पोरगी पूर्ण बाह्यांचे टॉप घालायला लागली तेव्हा मला वाटलं, फॅशन असेल. जूनमध्ये तिची वेणी घालताना बाही वर सरकली आणि हातावर बारीक रेषा दिसल्या, काही जुन्या, काही ताज्या. मी आधी ओरडले, मग रडले, आणि तिचा हात माझ्या गळ्यावर ठेवून शपथ घ्यायला लावली की पुन्हा असं करणार नाही. तिने घेतली. मला वाटलं, थांबलं. मग आषाढीला मला चक्कर आली आणि मी पडले. मला बीपी आहे, त्या दिवशी निर्जळी उपवास होता. पोरगी रात्रभर उशाशी बसून होती. ‘मम्मी, माझ्यामुळे झालं’, एवढंच म्हणत होती. पंधरा दिवसांपूर्वी कळलं की तिने थांबवलंच नव्हतं, फक्त दिसणार नाही अशा जागी करत होती. ह्यांचं म्हणणं, अभ्यास टाळायची नाटकं आहेत. त्यांनी मोबाइल काढून घेतला. सासूबाई म्हणतात बाहेरचं आहे. त्यांनी धागा आणून बांधलाय. धाकट्याला मी तिच्यावर लक्ष ठेवायला सांगितलंय. ती बाथरूममध्ये गेली की तो दाराशी उभा राहतो. ती नीट जेवत नाही, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जागी असते, कुणी काही बोललं की अंगावर येते. वेड्यांच्या डॉक्टरकडे नेलं तर गावात कळेल. पुढे लग्नाचं काय? त्या औषधांची सवय लागते म्हणतात. मी तिला कसं थांबवू? माझं कुठे चुकलं? – एक आई*

ताई,

डॉक्टर, शाळा, लग्न या सगळ्यावर बोलू या. पण त्याआधी एक काम आज रात्रीच करा. ती शपथ सोडवा.

आपण लहान असताना कुणी शपथ घातली की जीव टांगणीला लागायचा. मग आपण मागे लागायचो, ‘सुटली म्हण, सुटली म्हण’. समोरच्याने ‘सुटली’ म्हटलं की छातीवरचा दगड उतरायचा. तुमची लेक तो दगड जूनपासून घेऊन फिरते आहे. तिने तुमच्या गळ्यावर हात ठेवून शब्द दिला आणि तिला तो पाळता आला नाही. मग आषाढीला तुम्ही तिच्या डोळ्यांसमोर पडलात. पंधरा वर्षांच्या पोरीने त्या दोन गोष्टींची सांगड कशी घातली असेल ते तुम्हीच लिहिलं आहे. पूर्वी तिला एकच दुःख होतं, जे तिला हातावर काढावं लागत होतं. आता त्यावर ‘मी आईचा जीव घेते आहे’ हे दुसरं चढलं आहे. आणि अपराधी वाटणं हेच पुष्कळदा पुन्हा जखम करून घ्यायचं कारण होतं. शपथेने तिला थांबवलं नाही, लपवायला शिकवलं.

रात्री धाकटा झोपला की तिच्या शेजारी बसा. समोरासमोर नको, शेजारी. दिवा मंद असला तर अजून बरं. आणि म्हणा, ‘त्या दिवशी मी फार घाबरले होते, म्हणून तुला शपथ घातली. ती सुटली. तुझ्या हाताने मला काही होत नाही, होणार नाही. पुन्हा तसं करावंसं वाटलं तर मला सांग. करून झालं असलं तरी सांग.’ पुढे ‘मी कधीच ओरडणार नाही’ असं म्हणायचा मोह होईल. ते म्हणू नका, कारण तुम्ही माणूस आहात, कधीतरी ओरडालच. पाळता येईल तेवढाच शब्द द्या, ‘ओरडले तरी परत येऊन तुझ्याजवळ बसेन.’

शपथ घातलीत म्हणून मी तुम्हाला दोष देत नाही. आम्हा समुपदेशकांमध्येही एके काळी अशीच पद्धत होती. ‘मी स्वतःला इजा करणार नाही’ असं मुलांकडून लिहून, सही करून घ्यायचं. अशा कागदांवर मी स्वतः सह्या घेतल्या आहेत. मुलं सही करायची, आणि नंतर काही झालं तर मला वाईट वाटू नये म्हणून ते माझ्यापासूनच लपवायची. अशा लेखी करारांनी मुलं सुरक्षित राहतात याचा पुरावा मिळाला नाही, म्हणून ती पद्धत मागे पडली. तिच्या जागी काय आलं ते पुढे सांगते.

आता या जखमांबद्दल. बहुतेक मुलं हे मरण्यासाठी करत नाहीत. आत इतकं काही दाटून येतं की ते शब्दांत मावत नाही, आणि कातडीवर दुखलं की काही मिनिटं आतलं दुखणं सौम्य होतं. मग लाज येते. मग ती लाज दाटून येते. असं ते चक्र फिरत राहतं. साधारण सातवी-आठवीच्या वयात याची सुरुवात होताना आम्ही पाहतो, आणि ‘चांगल्या घरातल्या’, हुशार, शांत मुलांमध्येही पाहतो.

तिच्या पप्पांना नाटक वाटतं. त्यांना एवढंच विचारा, नाटक करणारं माणूस मे महिन्यात, सोलापूरच्या उन्हात पूर्ण बाह्या घालून ते झाकून ठेवेल का? ती लक्ष वेधत नव्हती, लक्ष चुकवत होती. आणि समजा, एखादं लेकरू खरोखरच लक्ष वेधून घ्यायला असं करत असेल, तर त्याला आपल्या लक्षाची केवढी गरज असेल! ओरडून, हसून, दुर्लक्ष करून ती भागत नाही.

तुम्ही लिहिलेल्या चार गोष्टी मला महत्त्वाच्या वाटतात: झोप उडणं, जेवण तुटणं, अंगावर येणं आणि पूर्ण बाह्या. मोठ्या माणसाचं नैराश्य उदास चेहऱ्यातून दिसतं. किशोरवयात ते पुष्कळदा चिडचिडीतून दिसतं, म्हणून घरच्यांना ते उद्धटपणासारखं वाटतं. या वयात झोपेची वेळ शरीरच पुढे ढकलतं हे खरं, पण रोजचे दोन म्हणजे फार झालं. हे नैराश्य आहे, चिंतेचा आजार आहे की घडलेल्या एखाद्या गोष्टीचा आघात आहे, हे पत्रावरून मी सांगू शकत नाही आणि सांगणारही नाही. त्यासाठी तिला कुणीतरी समोर बसवून नीट ऐकायला हवं.

त्याआधी एक प्रश्न मात्र तुम्हालाच विचारायचा आहे. तो जड आहे. जखमा मरण्यासाठी नसल्या तरी अशा मुलांमध्ये जीव देण्याच्या विचारांचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो, म्हणून तो टाळता येत नाही. एकदम नको. ‘कधी असं वाटतं का गं, की आपण नसतोच तर बरं झालं असतं?’ इथून सुरुवात करा. ती ‘हो’ म्हणाली किंवा गप्प राहिली, तर पुढे विचारा, ‘जीव द्यावा असंही मनात येतं का? कसं, कधी, असं काही ठरवलंयस का?’ विचारल्याने डोक्यात नसलेला विचार शिरतो ही भीती खोटी आहे. उलट, इतके दिवस एकटीने धरून ठेवलेली गोष्ट कुणीतरी नाव घेऊन विचारली, याने बरीच मुलं रडून मोकळी होतात. ऐकताना ‘आम्ही तुला काय कमी केलं’ हे वाक्य तोंडावर येईल. ते गिळा.

काही ठरवलंय असं ती म्हणाली, तर तिला एका क्षणासाठीही एकटी सोडू नका आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. रात्र असेल तर १४४१६ लावा. ही मनाच्या त्रासासाठी सरकारने चालवलेली ‘टेलि-मानस’ फोनसेवा आहे, १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, फुकट आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं. लेकीसाठी काय करू हे विचारायला तुम्हीही तिथे फोन करू शकता. तिनेच करायला हवा असं नाही. तिने काही करून घेतलं असेल किंवा काही पोटात गेल्याची शंका असेल, तर १०८ ची ॲम्ब्युलन्स बोलवा. अशा वेळी ‘आता बरी दिसतेय’ म्हणून घरी थांबू नका. काही औषधांचा आणि विषांचा परिणाम दिवस-दोन दिवसांनी दिसतो.

आणि ताई, खाली दुकान आहे. पत्र वाचताना माझी नजर त्या एका ओळीवर अडकली. तुमच्या घराखाली कीटकनाशकांचा साठा आहे आणि दुकानाची किल्ली, बहुतेक घरांत असते तशी, खिळ्याला टांगलेली असेल. ती आजच्या आज खिळ्यावरून काढा. तिच्या पप्पांनी ती कमरेला किंवा कुलुपात ठेवावी, आणि रात्री दुकान बंद झाल्यावर आतून घरात येणारा दरवाजाही लावून घ्यावा. वरच्या घरात फवारणीचं, उंदरांचं, काहीच नको. तुमच्या बीपीच्या गोळ्या, सासूबाईंची औषधं, तापाच्या गोळ्यांची पाकिटं एका डब्यात घालून कुलूप लावा. जीव द्यायचा तीव्र विचार ही लाट असते. ती चढते तशी उतरते, कधी काही मिनिटांत. त्या मिनिटांत हाताशी काही नसणं, यावर पुष्कळ जीव वाचले आहेत. तिच्या पप्पांना बाकी काही पटो न पटो, किल्लीचं एवढं काम त्यांना द्या. बापाला रडणं ऐकता येत नाही, पण कुलूप लावता येतं, आणि मी पाहिलंय की अनेक वडील तिथूनच आत येतात.

आता लेखी कराराच्या जागी काय आलं ते. अमेरिकेतल्या बार्बरा स्टॅन्ली आणि ग्रेगरी ब्राउन या मानसशास्त्रज्ञांनी एक साधा कागद तयार केला, आम्ही त्याला सुरक्षा योजना म्हणतो. करार म्हणतो, ‘मी करणार नाही’. हा कागद विचारतो, ‘करावंसं वाटेल तेव्हा मी काय करेन?’ ती योजना तिच्या शब्दांत, तिच्या अक्षरात हवी. लाट येतेय हे तिला कशावरून कळतं? समजा ती म्हणाली, ‘रात्री वही मिटली की पोटात गोळा येतो.’ मग तेव्हा ती एकटी काय करू शकते? तोंडावर गार पाणी मारेल, गच्चीत चार चकरा घालेल, गाणी लावेल. तेवढ्याने भागलं नाही तर कुणाजवळ जाऊन बसेल? इथे ‘मम्मी’ लिहिलं तर उत्तम, पण मैत्रीण किंवा मावशी लिहिली तर रुसू नका. कुणाला स्पष्ट सांगेल की मला मदत हवी? शेवटी डॉक्टरांचा आणि १४४१६ हा नंबर. हा कागद समुपदेशकाबरोबर बसून करणं सगळ्यात बरं, पण भेट मिळेपर्यंत तुम्ही दोघी कच्चा लिहून ठेवू शकता. जमलं नाही म्हणून त्यात शिक्षा नसते. जमलं नाही तर कागद बदलायचा.

ताजी जखम दिसली तर साबण-पाण्याने धुवा, मलम लावा, पट्टी बांधा. खोल असेल तर दवाखान्यात दाखवून धनुर्वाताच्या इंजेक्शनचं विचारा. पट्टी बांधताना एकही प्रश्न विचारू नका. प्रश्नांना नंतर वेळ आहे. गुडघा फुटल्यावर बांधायचात तशीच बांधा.

न्यायचं कुठे? ‘वेड्यांचा डॉक्टर’ या शब्दामागे काय आहे ते मला माहीत आहे. ‘याला येरवड्याला न्यायला पाहिजे’ हे ऐकतच आपण मोठे झालो. येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी ही चार प्रादेशिक मनोरुग्णालयं आणि त्यांच्या उंच भिंती, एवढंच चित्र आपल्या डोक्यात आहे. तुमच्या लेकीला तिथे जायचं नाही. सोलापुरात सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. तिथे सर्दी-खोकल्यासारखाच केसपेपर काढायचा आणि ओपीडीत बसायचं. तालुक्याला कुणी ओळखीचं भेटेल ही भीती असेल, तर सोलापूरला गेल्याने तीही कमी होते. शिवाय जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचे डॉक्टर काही ठिकाणी ठरलेल्या दिवशी तालुक्याच्या रुग्णालयातही येतात. तुमच्याकडे येतात का, हे आशाताईंना किंवा ग्रामीण रुग्णालयात विचारा. किशोरवयीन मुलामुलींसाठी ‘मैत्री’ नावाची सरकारी क्लिनिकंही असतात, तिथल्या समुपदेशकाकडूनही सुरुवात करता येते.

मनोविकारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएसनंतर मनाच्या आजारांचं शिक्षण घेतलेले डॉक्टर, ते औषध देऊ शकतात. मानसशास्त्रज्ञ आणि समुपदेशक बोलून उपचार करतात. तुमच्या लेकीला सुरुवातीला दोघंही लागतील असं मला वाटतं. पहिल्या भेटीत ते थोडा वेळ तुमच्याशी, थोडा वेळ तिच्याशी एकटीशी बोलतील. तुम्हाला बाहेर बसायला सांगितलं तर वाईट वाटून घेऊ नका, आणि घरी येताना एसटीत ‘काय काय सांगितलंस?’ असं विचारू नका. तिच्या जिवाला धोका असेल तर डॉक्टर तुम्हाला सांगतीलच. बाकीचं तिचं राहू द्या. डॉक्टर पाच मिनिटांत, न ऐकता, चिठ्ठी लिहून मोकळे झाले तर दुसरे शोधा. सगळेच तसे नसतात.

गावात कळण्याबद्दल. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ प्रमाणे उपचारांची माहिती गुप्त राखणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. अल्पवयीन मुलांना दाखल करायचं ते अगदी अपवादात्मक परिस्थितीतच, मोठ्या रुग्णांपासून वेगळं ठेवून आणि घरचं माणूस सोबत राहून, असंही त्यात लिहिलं आहे. पोलीस केसची भीती अनेकांना असते. याच कायद्याच्या कलम ११५ ने जीव देण्याचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असंच मानायचं आणि तिला शिक्षा करायची नाही, असं ठरवलं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर जीव देण्याच्या प्रयत्नाला शिक्षा सांगणारं जुन्या दंड संहितेतलं कलम ३०९ आलंच नाही.

आणि लग्न. ताई, ती पंधरा वर्षांची आहे. आज उपचार घेतले नाहीत तर पुढे काय, हा विचार आधी करा. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या सर्वेक्षणात १३ ते १७ वयाच्या मुलांमध्ये सुमारे ७ टक्क्यांना मानसिक आजार आढळले होते. साठ मुलांचा वर्ग धरला तर चार जण. तुमच्या लेकीच्या वर्गात ती एकटी नाही, आणि त्या इतर घरांतही तुमच्यासारखंच दार लावून घेतलेलं असेल.

औषधाचं. प्रत्येकाला लागतंच असं नाही. सौम्य त्रासात नुसत्या समुपदेशनाने फरक पडतो. लागलं, तर या वयातल्या नैराश्यात ज्याचा सगळ्यात जास्त अभ्यास झालाय ते फ्लुओक्सेटिन पुष्कळदा सुरू करतात. त्याची झोपेच्या गोळ्यांसारखी सवय लागत नाही. पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. परिणाम दिसायला काही आठवडे लागतात, त्यामुळे आठ दिवसांत ‘काही उपयोग नाही’ म्हणून सोडू नका. आणि पहिल्या काही आठवड्यांत मुलगी जास्त अस्वस्थ, बेचैन वाटली, मरणाचं बोलू लागली, तर पुढच्या तारखेची वाट न बघता डॉक्टरांना लगेच सांगा. बरं वाटलं म्हणून गोळी मनाने बंद करायची नाही. पाकीट तुमच्याकडे, कुलपात, रोज एक तिच्या हातावर.

बोलून करायच्या उपचारांत स्वतःला इजा करणाऱ्या किशोरांसाठी डायलेक्टिकल बिहेव्हिअर थेरपी विशेष उपयोगी ठरली आहे. ती तयार करणाऱ्या मार्शा लिनेहान यांची एक गोष्ट मी मुलींना आवर्जून सांगते. त्या सतरा वर्षांच्या असताना मनोरुग्णालयात दाखल होत्या आणि स्वतःला जखमा करून घेत. हे त्यांनी २०११ मध्ये, नावाजलेल्या प्राध्यापक झाल्यानंतर, सगळ्यांसमोर सांगितलं. जिने ते भोगलं तिनेच बाकीच्यांसाठी वाट काढली. सोलापुरात नेमकी हीच थेरपी शिकलेलं कुणी मिळेलच असं नाही, पण भावना दाटून आल्यावर काय करायचं याची तिची कौशल्यं अनेक समुपदेशक शिकवतात. तशी विचारणा करा.

आणखी एक विचारायला हवं, आणि याला मी घाई करणार नाही, पण गाळणारही नाही. तिला कुणी त्रास देतंय का? क्लासमधलं, नात्यातलं, शेजारचं, किंवा फोनवरून फोटोची धमकी देणारं. मे महिन्यात किंवा त्याआधी काय घडलं होतं ते आठवून बघा. ती काही बोलली तर पहिलं वाक्य ‘तू तिथे गेलीसच कशाला’ हे नसावं. ‘बरं झालं सांगितलंस, तुझी चूक नाही’ हे असावं. मग १०९८ या चाइल्डलाइनच्या नंबरवर मदत मिळते. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा पोक्सो कायदा अशा मुलांसाठीच आहे.

मोबाइल परत द्या. रात्री साडेदहानंतर तो हॉलमध्ये चार्जिंगला राहील, सगळ्यांचेच राहतील, असा नियम करा. पण दहावीच्या ताणात, घरात कुणी ऐकत नसताना, तिचं बोलणं कदाचित एखाद्या मैत्रिणीशीच होत असेल. तुम्ही तो दोरा तोडलात.

सासूबाईंचा धागा मात्र राहू द्या. त्यांना नातीची काळजी वाटली आणि त्यांच्याकडे जे होतं ते त्यांनी केलं. त्यांना सांगा, ‘धाग्याबरोबर डॉक्टरही करू या, आजारपणात आपण दोन्ही करतोच की.’ पुढे मारहाण, मिरचीची धुरी, कोंडून ठेवणं असलं काही कुणी सुचवलं तर ठाम नाही म्हणा. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने भूत उतरवण्याच्या नावाखाली असं करणं हा गुन्हा आहे. नातीच्या केसांना तेल लावायचं काम सासूबाईंना द्या. सल्ला न देता, रोज दहा मिनिटं. म्हाताऱ्या हातांना ते जमतं.

धाकट्याला पहाऱ्यावरून आजच उतरवा. तो नऊ वर्षांचा आहे. बाथरूमच्या दाराशी उभा राहून तो काय ऐकायची वाट बघत असेल, याचा विचार करा. उद्या एखाद्या दिवशी तो खेळायला गेला आणि नेमकं तेव्हा काही झालं, तर तो जन्मभर ते स्वतःवर घेईल. त्याला सोप्या भाषेत सांगा, ‘दीदीला बरं नाहीये, मनाला दुखतंय. डॉक्टर बघणार आहेत. लक्ष ठेवायचं काम मोठ्यांचं आहे, तुझं नाही.’ त्याला प्रश्न असतील. ‘माझ्यामुळे झालं का?’ हा बहुतेक असेलच. लेकीलाही सांगा की भावाला मीच उभं केलं होतं, चूक माझी होती. त्या दोघांचं आपसातलं नातं आता परत जुळायला हवं.

दहावी. हे वर्ष फेकून द्या असं मी म्हणत नाही. अभ्यास आणि शाळा तिला आधारही देऊ शकतात. पण टक्क्यांचा विषय काही महिने घरात काढू नका. तिची परवानगी घेऊन वर्गशिक्षिकांना भेटा. जखमांबद्दल सांगायची गरज नाही. ‘तब्येत बरी नाही, उपचार चालू आहेत, वर्गात सगळ्यांसमोर तिला उभं करू नका, ती बाहेर जाऊ का म्हणाली तर जाऊ द्या’, इतकं पुरे. एखाद-दोन विषय राहिलेच तर जून-जुलैत पुरवणी परीक्षा असते. ते तिला आत्ताच, हसत-खेळत सांगून ठेवा.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, माझं कुठे चुकलं. तुम्ही घाबरून शपथ घातलीत आणि पोराला पहाऱ्यावर ठेवलंत, ती चूक आज रात्री दुरुस्त होते आहे. त्यापलीकडे, मुलांना असा आजार एका कुठल्या आईच्या एका कुठल्या वागण्याने होत नाही. स्वभाव, घराण्यातली ठेवण, शाळा, मित्र, शरीरातले बदल, घडलेलं काही, असं पुष्कळ मिळून होतं. तुम्ही वेणी घालताना बाही वर सरकलेली पाहिलीत आणि हे पत्र लिहिलंत. शिवाय डॉक्टरांकडे गेलात की स्वतःसाठीही बोलायला वेळ मागा. पोरीला सांभाळताना आईची झोप आणि जेवणही जातं, ते त्यांना ऐकायची सवय असते.

आणि तुमचं बीपी. आषाढीला तुम्ही दिवसभर पाण्याचा थेंब घेतला नव्हता. बीपी असलेल्या माणसाला, विशेषतः गोळ्या चालू असतील तर, त्याने चक्कर येऊ शकते. हे तुम्हाला ठाऊक आहे, पण तिला कुणी सांगितलं आहे का? नुसतं ‘सुटली’ म्हणून तिचा जीव पूर्ण हलका होणार नाही, तिला कारणही हवं. या आठवड्यात बीपी मोजायला जाल तेव्हा तिला बरोबर न्या. डॉक्टरांना तिच्यासमोर विचारा, ‘त्या दिवशी मला चक्कर कशाने आली?’ उत्तर तिला तिच्या कानांनी ऐकू द्या, यंत्रावरचा आकडा तिच्या डोळ्यांनी बघू द्या. घरी आलात की रोजची गोळी तिच्या हातून मागून घ्या, डबा मात्र तुम्हीच उघडा. आणि येत्या एकादशीला, ताई, पाणी प्या.

– तुमची ताई